दिव्याआधी तार बघ

कोल्हापूर

चि. सौरभ,

दुकानाचे फोटो बघितले. काउंटर छान झालाय. पाटीवरचे दिवे जरा जास्तच आहेत, पण ते तुझ्या आईने निवडलेत म्हटल्यावर मी गप्प बसतो. फॉग लॅम्प, हॉर्न, कॅमेरे यांत कुठल्या कंपनीचा माल ठेवू, असं तू फोनवर विचारलंस. ते तुला पुण्याच्या नाना पेठेतला कुठलाही घाऊकवाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मला सांगायचंय ते माल गाडीत बसवण्याबद्दल. कारण तुम्ही लोक बसवून पैसे घेता आणि सहा महिन्यांनी तीच गाडी आमच्यासारख्या वायरमनच्या दारात उभी असते. माझा निम्मा धंदा कार डेकोरवाल्यांच्या जिवावर चाललाय असं म्हण हवं तर.

गाडीतली प्रत्येक तार कारखान्यात मोजूनमापून दिलेली असते. तिच्या टोकाला कोणता दिवा, तो किती अँपिअर घेणार, त्याला कितीचा फ्यूज, हे ठरवून मगच तारेची जाडी ठरते. तांबं महाग आहे, वजनालाही जड आहे, म्हणून कंपनी तुझ्या-माझ्यासाठी फार काही शिल्लक ठेवत नाही. तेव्हा कंपनीच्या तारेकडून इशारा घ्यायचा, करंट घ्यायचा नाही. करंट बॅटरीवरून, आपल्या फ्यूजमधून, आपल्या तारेने न्यायचा. बाकी पत्र म्हणजे या एका गोष्टीचा पसारा आहे.

हेडलाइटचं बघ. जुन्या पद्धतीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. बारा व्होल्टला साठ वॉट म्हणजे पाच अँपिअर, जोडीला दहा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, रात्री दिसत नाही, १००/९० चे टाका. बल्ब बसतो, कारण खाच तीच आहे. पण आता जोडी सोळा-सतरा अँपिअर ओढायला लागली. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दीडपटीच्या थोडा वर गेला की उष्णता पावणेतीन पट. तारेला पहिल्या रात्री काहीच होत नाही, म्हणून बसवणारा खुशीत असतो. आधी तापते ती कपलरमधली पिन. तापून तिची पकड ढिली पडते, ढिली पडली की जोडातला रोध वाढतो, रोध वाढला की ती आणखी तापते. होल्डरचं प्लास्टिक आधी तपकिरी होतं, मग ठिसूळ, मग एके रात्री घाटात एक दिवा जातो. ज्या जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो, तिथे तर स्विचच्या आतले पॉइंट जळतात. त्या बल्बमध्ये गिऱ्हाइकाने वाचवलेले पैसे नव्या कॉम्बिनेशन स्विचवर जातात.

गंमत अशी की अशा दहातल्या बऱ्याच गाड्यांना मोठा बल्ब नकोच असतो. इंजिन चालू ठेव, हेडलाइट लाव आणि मल्टिमीटर आधी बॅटरीवर, मग थेट बल्बच्या पिनांवर लाव. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतील आणि बल्बवर १२.४ च पोचत असतील, तर वाटेत दहा टक्के गळती आहे. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्ट गेले तर जवळजवळ तीस टक्के उजेड गेला. अशा गाडीला चांगल्या तारेचं रिले किट घाल आणि बल्ब साठचाच ठेव. गिऱ्हाईक रात्री गाडी चालवून बघेल आणि दुसऱ्या दिवशी भावाची गाडी घेऊन येईल. हे मोजायला दोन मिनिटं लागतात. मोजल्याशिवाय बल्ब विकू नकोस.

रिले तुला ठाऊक आहे, पण पाठ म्हणून लिहितो. ३० वर बॅटरीचा फ्यूजमधून आलेला करंट, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. कॉइल जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर घेते. कंपनीच्या तारेवर एवढाच भार पडायला हवा. हॉर्नलाही हेच. जाड आवाजाच्या जोडीला दहा अँपिअर सहज लागतात, आणि स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण त्यासाठी केलेलं नसतं.

मात्र नव्या गाड्यांत इथेही सांभाळ. आता पुष्कळ गाड्यांत दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल चालवतं. ते दिव्याला किती करंट जातोय हे मोजत असतं, आणि काही गाड्यांत करंट सलग न देता सेकंदाला शेकडो वेळा तोडून-जोडून देतं. अशा तारेवर साधा रिले लावलास की तो तडतडत बसतो. शिवाय रिले बंद होताना कॉइल उलटा झटका मारते, त्याने मॉड्यूलची नाजूक आउटपुट जाऊ शकते. डायोड असलेला रिले वापर, आणि इशारा कुठून घ्यायचा हे त्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघून ठरव. डायग्राम मिळत नसेल तर काम घेऊ नकोस. कंपनीच्या कपलरमध्ये बसणारं तयार हार्नेस मिळत असेल तर ते घे, दोन पैसे जास्त पडले तरी.

आता फ्यूज. फ्यूज तारेसाठी असतो, दिव्यासाठी नाही. म्हणून तो दिव्याजवळ लावून उपयोग नाही, बॅटरीच्या जितका जवळ लावता येईल तितका बरा, वीतभर अंतराच्या आत. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार बॉडीला घासली तर तिला वाचवणारं कोणी नाही. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते आणि तार लाल होऊन पेटते. लाल फ्यूज दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. उडालेल्या लालच्या जागी हिरवा बसतो, खाच सारखीच असते, आणि हीच खरी अडचण आहे. जुने ट्रकवाले सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचे. हिरवा फ्यूज हा त्याचाच सुशिक्षित भाऊ. फ्यूज उडाला तर का उडाला ते शोध, ते शोधायची मजुरी वेगळी लाव, आणि गिऱ्हाइकाला घाई असेल तर त्याला चहा पाज.

जोडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक जोडातच मेलेल्या असतात. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली. रिव्हर्स घातला की मागचा वायपर फिरायचा, आणि कधी कधी ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे लागायचे. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एकाने नवं मॉड्यूलसुद्धा सांगितलं होतं. मागची पॅनेल काढली तर कुणीतरी रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी टेल लॅम्पची तार ब्लेडने सोलून तिला वेढा दिलेला आणि वर काळी टेप. टेपचा डिंक उन्हाने वितळून चिकट लगदा झाला होता, आत पाणी शिरलं होतं. तार हिरवी कळकलेली. पाणी तेवढ्यावर थांबत नाही. तारेच्या बारीक काड्यांमधून ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं प्लास्टिकच्या आतून पुढे चढतं. हातभर तार कापली तेव्हा कुठे लाल तांबं दिसलं. शिवाय कॅमेऱ्याची अर्थ त्या माणसाने दिव्याच्या अर्थलाच जोडलेली, आणि ती अर्थ गंजलेली. अर्थ कच्ची झाली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो, दुसऱ्या दिव्यातून, वायपरमधून. भुताटकी वाटते ती हीच. मॉड्यूलला काहीही झालं नव्हतं.

म्हणून तार सोलून पिळायची नाही. बाजारात तो रंगीत चिमटा मिळतो, तार आत घालून पक्कडीने दाबला की झालं, तोही टाळ. तारेच्या मापाचा नसेल तर त्याचं पातं निम्म्या काड्या कापतं, आणि मापाचा असला तरी पावसाला उघडाच असतो. बरी क्रिम्पिंगची पक्कड घे, योग्य मापाचे स्लीव्ह घे, वर डिंक असलेली हीट श्रिंक चढव. डाग द्यायचा असेल तर दे, पण जिथे तार सतत हलते किंवा थरथरते तिथे देऊ नकोस. डाग दिलेली तार ताठ होते आणि ताठ भाग संपतो तिथेच तुटते. घरातल्या लाइटची वायर बॉनेटखाली वापरू नकोस. तिचं साधं प्लास्टिक सत्तर अंशांपर्यंतचं असतं, गाडीच्या तारेचं एकशे पाचपर्यंतचं. स्वस्त किटमधली तार ब्लेडने खरवडून बघ. आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनिअम आहे, वरून तांब्याचा नुसता मुलामा. ते किट परत कर. आणि बॉनेटमधून केबिनमध्ये तार नेताना पत्र्याच्या उघड्या भोकातून नेऊ नकोस, रबरी ग्रोमेट घालच. पत्र्याची धार वर्षभर तार चावत असते.

अर्थ बॉडीच्या रंग खरवडलेल्या बोल्टवर घे. ज्या गाड्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांत तो हमखास असतो, तिथे आपली अर्थ थेट बॅटरीच्या टोकाला जोडलीस तर तुझा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा बॅटरीचा हिशोब बिघडतो.

काही तारांना हातच लावायचा नाही. पिवळ्या कपलरच्या, पिवळ्या नळीतल्या तारा एअरबॅगच्या. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे स्वस्तातल्या गाडीतही ती असते असं धरून चाल. तिथे बल्बचा टेस्टर लावणं म्हणजे फुगवणाऱ्या स्फोटकाला करंट देणं. सीट काढायची असेल तर आधी बॅटरी सोड, काही मिनिटं थांब, मगच सीटखालचा कपलर. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक तारा दिसल्या तर त्या बहुधा कॅनच्या असतात. बॉशने १९८६ साली मांडलेली ही पद्धत. इंजिन, ब्रेक, मीटर, दरवाजे या सगळ्यांची बोलणी त्या दोन तारांवरून चालतात. जीपीएसवाले तिथून वेगाची माहिती घ्यायला जोड मारतात आणि मग डॅशबोर्डवर दिवाळी. त्या खऱ्या बिघडल्या असतील तर बॅटरी सोडून दोघींमध्ये रोध मोज, साधारण ६० ओहम यायला हवा. याच्यापलीकडे तिथे तुझं काम नाही. इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल दिसली तर बॉनेट लावून टाक.

डॅशकॅम, ट्रॅकर, अलार्म बसवल्यावर गाडी कुलूप लावून अर्धा तास थांबव आणि बॅटरीतून किती करंट जातोय ते मोज. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असावा. तीनशे जात असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास गेले, आणि पंचेचाळीसची बॅटरी आठवडाभर गावाला गेलेल्या माणसाला परत आल्यावर दगा देणार. तो शिव्या बॅटरीवाल्याला देतो, पण त्या तुझ्या असतात.

हे सगळं केलंस तर एका गाडीला शेजारच्या दुकानापेक्षा तासभर जास्त लागेल आणि मजुरी जास्त सांगावी लागेल. काही गिऱ्हाइकं जातील. जाऊ देत. गाडी जळाली की विम्याचा सर्व्हेयर आधी बाहेरचं वायरिंग शोधतो, आणि गाडीच्या कंपनीला वॉरंटी नाकारायला तेवढा एक टेपचा जोड पुरतो. त्या दिवशी तो माणूस जुनं बिल काढून बसतो. म्हणून पॅनेल लावण्याआधी जोडांचे फोटो काढून ठेव, आणि बिलावर नुसतं 'फॉग लॅम्प फिटिंग' लिहू नकोस. करंट कुठून घेतला, फ्यूज कितीचा आणि कुठे बसवला, इशारा कोणत्या तारेवरून घेतला, अर्थ कुठल्या बोल्टवर आहे, हे सगळं लिही. खाली सही तू कर, कामावरच्या पोराला करायला लावू नकोस.

तुझा
दिनूमामा