गुदाशयाभोवतीच्या लसिकाग्रंथी

पायाला काटा रुतून चिघळला की जांघेत अवधाण येते, हे जेऊर परिसरातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथीच होय. अशाच, परंतु बहुधा तुरीच्या दाण्याहूनही लहान ग्रंथी गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टनात दडलेल्या असतात. गुदाशयातील लसिका त्यांतून रक्तवाहिन्यांच्या वाटेने प्रामुख्याने वर चढते. खालच्या भागातील काही ओटीपोटाच्या बाजूस वळते. जांघेकडे जाते ती मुख्यत्वे गुदद्वाराची. म्हणूनच केवळ जांघ चाचपून गुदाशयाच्या कर्करोगाचा निर्वाळा देता येत नाही.

इंग्लंडचे शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे वेष्टन न फाडता, ग्रंथींसह अखंड काढण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण बरेच घटले. काढलेल्या भागातील किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा संकेत आहे. अहवालातील ‘१४ पैकी ०’ पाहून ‘चौदा गाठी निघाल्या’ म्हणून नातेवाईक हबकतात. वस्तुतः १४ ग्रंथी तपासल्या व एकीतही रोग आढळला नाही, असा त्याचा अर्थ. शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार झाले असल्यास ग्रंथी कमी सापडतात, हेही ध्यानी असावे.

शौचावाटे रक्त जात असल्यास मूळव्याध समजून अंगावर काढू नये. आपल्याच जिल्ह्यात, बार्शी येथे, नर्गीस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे.