भांडणाचा विषय आणि भांडणाचे मूळ : मनोगतिकीय उपचारांची ओळख

छातीत धडधड, निद्रानाश, सततची डोकेदुखी; आणि ईसीजीपासून रक्ततपासणीपर्यंत सारे अहवाल निर्दोष. असा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात येतो. "तुम्हाला काही झालेले नाही" हे आपले वाक्य शरीरापुरते खरे असले, तरी रुग्णाला ते पटत नाही. कारण त्रास त्याला होतच असतो. अशा काही रुग्णांना उपयुक्त ठरणाऱ्या मनोगतिकीय उपचारपद्धतीची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मूळ कल्पना

व्हिएन्नाचे दोन डॉक्टर, जोसेफ ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड, यांनी १८९५ साली हिस्टेरियावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पद्धतीचा उगम आहे. आपल्या देशात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडच्या अनेक कल्पना पुढे मागे पडल्या. तीन मात्र टिकल्या. मनाचा मोठा भाग अबोध असतो. असह्य भावना दूर ठेवण्यासाठी मन बचावाच्या युक्त्या योजते. आणि बालपणी जवळच्या माणसांशी जडलेल्या नात्यांचा साचा आपण नव्या नात्यांवर नकळत बसवतो. डॉक्टरांशी असलेल्या नात्यावरदेखील. या शेवटच्या प्रक्रियेला ट्रान्सफरन्स, अर्थात भावसंक्रमण, म्हणतात.

डोरा या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या अठरा वर्षांच्या तरुणीने १९०० च्या अखेरीस, अवघ्या अकरा आठवड्यांत, फ्रॉइडकडील उपचार सोडले. १९०५ साली तिचा वृत्तांत छापताना फ्रॉइडने मान्य केले, की हे संक्रमण आपल्याला वेळेवर ओळखता आले नाही. जो उपचारातील अडथळा वाटत होता, तेच पुढे उपचाराचे प्रमुख साधन ठरले.

प्रत्यक्षात रुग्ण आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सुमारे पन्नास मिनिटे बसतो व मनात येईल ते बोलतो. उपचारक सल्ल्याची घाई करीत नाही. रुग्ण काय बोलतो, कोठे थांबतो आणि कोणता विषय टाळतो, याकडे त्याचे लक्ष असते.

पती-पत्नी

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील डॉ. हेन्री डिक्स यांनी १९६७ साली वैवाहिक ताणांवर ग्रंथ लिहिला. स्वतःत नकोसा वाटणारा अंश माणूस जोडीदारात पाहतो व तेथे त्याच्याशी झगडतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. पुढील जोडपे मी अनेकांच्या अनुभवांतून रचले आहे. ते कोणा एकाचे वर्णन नव्हे.

पतीच्या छातीत दडपण, पत्नीची तक्रार, "हे बोलतच नाहीत." भांडणाचा विषय रोज वेगळा: थोरल्या दिरांना दिलेले पैसे, उशिरा घरी येणे, मुलाचे गुण. हळूहळू कळले, की तिचे वडील रागावले म्हणजे आठ-आठ दिवस अबोला धरीत. तिच्या लेखी शांतता म्हणजे संकट. त्याच्या घरी आईचा आवाज चढला, की गप्प राहणे हाच बचाव होता. त्याच्या मौनाने तिचा आवाज चढे आणि तिच्या आवाजाने त्याचे मौन वाढे. दोघांच्या वाट्याचा राग ती एकटी व्यक्त करीत होती. दोघांच्या वाट्याचा संयम तो सांभाळीत होता.

एकदा मला बैठक पुढे ढकलावी लागली. ती चिडली, तो म्हणाला, "काही हरकत नाही." पुढच्या वेळी ती वेळेवर आली, तो वीस मिनिटे उशिरा. मी या दोन गोष्टींचा संबंध जोडून विचारले, तेव्हा बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मला राग आला होता." पत्नीने ते वाक्य लग्नानंतर प्रथमच ऐकले. भांडणे त्यानंतर संपली नाहीत. पण ती ज्या गोष्टीची असत, तिच्यापुरती राहू लागली. छातीचे दडपणही उतरले.

आपल्यासाठी

मायकेल बालिंट यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की सर्वसाधारण व्यवसायात सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टर. आणि त्याची मात्रा व दुष्परिणाम मात्र कोठेही लिहिलेले नाहीत. विशिष्ट रुग्ण दिसताच आपल्याला कंटाळा किंवा चीड येत असेल, तर तीही निदानास उपयोगी पडणारी खूण आहे. अहवाल निर्दोष असता "घरी कसे चालले आहे?" असे विचारून पाच मिनिटे न बोलता ऐकावे.

मर्यादाही ध्यानात असाव्यात. तीव्र मनोविकृती, आत्महत्येचा धोका किंवा जडलेले व्यसन असल्यास त्यावरील उपचार आधी. घरात मारहाण होत असेल, तर दोघांना एकत्र बसवू नये. बैठकीत बोललेल्याची किंमत पत्नीला घरी मोजावी लागते. आवश्यक औषधे या उपचारांसाठी बंद करू नयेत.

आपल्या इंदुरातील मराठी माणूस लक्षणे पुष्कळदा हिंदीत सांगतो: "घबराहट होती है." आईविषयी बोलू लागला, की तोच मराठीत "जीव घाबरा होतो" म्हणतो. भाषा बदलली, की लेखणी खाली ठेवून ऐकावे. भांडणाचे मूळ बहुधा तेथेच असते.