शौचाची तपासणी : डबी नीट भरली, तरच रिपोर्ट खरा

अंगात रक्त नाही म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या आयाबहिणी आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. गोळ्या चालू तोवर बरे वाटते, मग पुन्हा धाप लागते, पुन्हा रक्त तपासले जाते. शौच मात्र सहसा तपासले जात नाही. शेतात किंवा सफाईच्या कामावर अनवाणी उभे राहणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमीची अळी शरीरात शिरते, फुप्फुसामार्गे आतड्यात जाते आणि तिथे चिकटून रक्त पिते. माणूस थकतो, लोक त्याला आळशी म्हणतात. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. वाचताना नाक मुरडू नये.

प्रयोगशाळेतून कोरडी, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची डबी मागून घ्यावी. काडेपेटीत नमुना नेण्याची जुनी सवय सोडावी. शौच स्वच्छ कागदावर किंवा कोरड्या भांड्यात करून सुपारीएवढा भाग डबीत घ्यावा. आव किंवा रक्त दिसत असेल तर नेमका तोच भाग हवा. लघवी आणि पाणी मिसळू देऊ नये, त्याने जिवंत अमिबा मरतो. जमिनीवरून नमुना उचलला तर मातीतल्या अळ्या त्यात येतात आणि रिपोर्ट फसतो. शौच पातळ असेल तर डबी अर्ध्या तासात पोचली पाहिजे, कारण हलणारा अमिबा तेवढ्यातच ओळखता येतो. घट्ट शौचाला काही तास चालतात. नुकतीच अँटिबायोटिक घेतली असतील तर आधी सांगावे.

तंत्रज्ञ काचपट्टीवर एक थेंब मिठाच्या पाण्याचा आणि एक आयोडीनचा घेऊन त्यात कणभर शौच कालवतो व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते, ती सहज सापडतात. जिआर्डिया मात्र रोज सारखा बाहेर पडत नाही. त्यामुळे एका डबीवर ‘काही आढळले नाही’ असे आले तरी निर्धास्त होऊ नये, वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. तीन फेऱ्या म्हणजे रोजंदारी बुडणे, हे आम्ही जाणतो. पण डबी घरातल्या कुणीही पोचवू शकते, तिच्यावर नाव आणि वेळ लिहिलेली असली की झाले.

लेकरू रात्री गुदद्वार खाजवत असेल तर गोष्ट वेगळी. त्या बारीक पांढऱ्या जंतांची अंडी शौचात क्वचितच मिळतात. सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून ती काचपट्टीवर लावतात.

‘शाळेत गोळी मिळते, मग तपासणी कशाला?’ असे पालक विचारतात. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. गोळी चांगलीच आहे, जरूर द्यावी. पण त्या एका गोळीने अमिबा जात नाही, आणि चाळिशीतली शेतमजूर आई त्या वयोगटात बसतच नाही. तिच्यासाठी डॉक्टरांकडे तपासणी आपणच मागावी लागते. औषध झाल्यावर पुन्हा डबी कधी द्यायची, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.