ऋणमोचनचा घाट आणि बाबांचा खराटा

पौष महिन्याच्या रविवारी अमरावती जिल्ह्यात ऋणमोचन येथे पूर्णा नदीच्या काठी यात्रा भरते. स्थळाचे माहात्म्य नावातच आले. येथे स्नान केले की मनुष्य ऋणातून सुटतो, अशी लोकांची श्रद्धा. पाठशाळेत आम्ही शिकलो ते असे की, देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्मास येतो. पण वऱ्हाडच्या कुणब्याच्या डोक्यावर चौथेही एक ऋण असे, सावकाराचे. ते कोणत्या स्नानाने फिटते? हा प्रश्न कोणा शास्त्रीबुवांनी विचारला नाही. तो परटाच्या एका निरक्षर पोराने विचारला. त्याचे चरित्र आज पाठास घेऊ.

श्रीगाडगे महाराज म्हणजे मूळचे डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म शेंडगाव येथे, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी. वडील दारूच्या पायी लवकर गेले. माउली सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास भावाकडे आली. तेथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. मामाचे शेत सावकाराच्या कागदात अडकले. कागदावर काय लिहिले आहे ते वाचणारा घरात कोणी नव्हता. ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, असे बाबा पुढे जन्मभर सांगत आले, त्याचे मूळ या शेतात आहे असे आम्हांस वाटते.

लेकीचे बारसे आले. जातीची रीत मटण आणि दारू यांची. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. गोष्ट लहान दिसते. पण पंचांचा अधिकार भटभिक्षुकांच्या अधिकाराहून हलका नसतो, हे खेड्यात राहिलेल्यास सांगावयास नको. बाबांचे पहिले बंड देवळाशी नव्हे, स्वतःच्या पंगतीत झाले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जवळ फुटके गाडगे. तेच ताट, तेच भांडे. ऋणमोचनास यात्रेकरू चिखलातून घसरत नदीत उतरत. बाबा स्वतः खपले, लोकांना कामाला लावले आणि तेथे घाट उभा राहिला. स्नानाचे अदृष्ट फळ मिळो न मिळो, म्हातारीचा पाय घसरत नाही हे दृष्ट फळ तर हाती आले!

दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम. कीर्तनात तुकोबांचे अभंग येत. लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवायचे. बकऱ्याचा जीव घेऊन आपले पोर कसे बरे होईल? कर्ज काढून सण केला तर देव संतोषतो की सावकार? श्रोते हसत, आणि हसता हसता खाली पाहत. आम्ही न्यायशास्त्र पढलो, पण प्रतिपक्षाला असे निरुत्तर करणे आम्हांला साधलेले नाही.

आता पूर्वपक्ष ऐका. बाबा पंढरीस जात, पण देवळात दर्शनास जात नसत. मग त्यांना वारकरी कसे म्हणावे? फडावर हा वाद आम्ही कानांनी ऐकला आहे. उत्तर असे की, ज्या पंढरीत चोखोबांना बाहेर राहावे लागले, तेथे महाद्वार सर्वांस उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी पंढरीत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली होती, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देवळात कोण शिरले, यावर वारकरी ठरवायचा असेल तर आधी चोखोबांना वगळावे लागेल. आहे कोणाची छाती?

बाबा पाया पडू देत नसत, शिष्य करीत नसत. धर्मशाळांना लाखो रुपये आले. घरच्या माणसांना त्यातले काही घेऊ दिले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, वाटेतच देह ठेवला.

कीर्तनकाराने द्रव्य घेऊ नये ही तुकोबांची आज्ञा आम्हा सर्वांस तोंडपाठ आहे. तोंडपाठच आहे! काही वर्षांपूर्वी मूर्तिजापूरकडील एका गावी आम्ही हेच चरित्र लावले. कीर्तन रंगले. बिदागीचे पाकीट हाती आले, लोक पाया पडून गेले, आणि पाराभोवती शेंगांची टरफले तेवढी उरली. एक म्हातारबा खराटा घेऊन आले. म्हणाले, "बुवा, बाबा त आंधी झाडत, मंग बोलत. तुमी आंधी बोलता, अन् मंग मोटारीनं जाता." रागाने नव्हे हो, सहज म्हणाले. दुसरा एक खराटा पाराला टेकवून ते झाडीत पुढे गेले.

आम्ही उपरणे कमरेला बांधले. पार झाडून होईतो शेवटची मोटार निघून गेली. रात्री त्यांच्याच ओसरीवर निजलो. पाकीट मात्र सकाळी आमच्याच खिशात होते.