मोरीच्या पाण्यावरील परसबाग

प्रत्येक शेतकऱ्याच्या घरामागें भाजीपाल्याची व फुलझाडांची लहानशी बाग असावी, असा उपदेश पुष्कळांनीं केला आहे. आणि तो ऐकून ज्यांनीं बाग केली, त्यांपैकीं कित्येकांची बाग वैशाखांत वाळून गेली, हेंही आम्हीं पाहिलें आहे. याचें कारण आळस हें नव्हे. पेरणी, खुरपणी, गुरांचें वैरणपाणी, मुलांची शाळा यांत गुंतलेल्या घराला बागेसाठीं निराळा वेळ काढतां येत नाहीं. तेव्हां जिला निराळा वेळ फारसा लागत नाहीं, तीच बाग अशा घरीं टिकावयाची. ती कशी करावी याविषयीं, आमच्या हातून झालेल्या चुकांसह, चार गोष्टी सांगण्याचें योजिलें आहे.

आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची. दुसऱ्यांच्या शेतांतील पिकांच्या नोंदी तपासण्यांत आमचीं वर्षें गेलीं. स्वतःच्या परड्यांत काय उगवतें, हें पाहण्यास सवड झाली नाहीं. गांव सोलापूर जिल्ह्यांतील. जमीन काळी, पाऊस बेभरंवशाचा. निवृत्त झाल्यावर हौसेनें गुलाबाचीं वीस कलमें आणलीं, एक लिंबू लावलें, मोगरा लावला. पाणी आडाचें. सकाळीं आम्ही बागेंत हिंडत असूं, आणि पाणी आमच्या सौभाग्यवती आणीत. फाल्गुनांतील एके दिवशीं त्यांनीं घागर खालीं ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, बाग तुमची खरी, पण फुलें तुम्ही मोजतां आणि घागरी मी मोजतें. आज अकरा झाल्या."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मात्र हिशेबाची संवय असल्यामुळें आम्ही पाण्याचा हिशेब करावयास बसलों. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्यें खेड्यांतील माणसासाठीं दररोज ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरलें आहे. पांच माणसांच्या घरास तें २७५ लिटर होतें. पिण्याचें व स्वयंपाकाचें वगळलें, तरी राहिलेलें बहुतेक पाणी न्हाणीच्या मोरींतून बाहेर जातें. आमच्या येथें त्याचें घरामागें डबकें झालें होतें, आणि त्यावरून उडी मारून आम्ही रोज बागेंत जात होतों! जें पाणी डोक्यावरून आणविलें जात होतें, त्याच्या कितीतरी पट पाणी दारीं कुजत होतें.

डबक्याची दुसरी बाजू डासांची. आपल्याकडील उष्ण हवेंत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. हत्तीरोग पसरविणारा डास घाण पाण्यांत वाढतो, आणि डेंग्यूचा स्वच्छ पाण्यांत. म्हणून डबकें मोडून भागत नाहीं. रांजण व हौदही आठवड्यांतून एकदां रिकामा करून आंतून घासून कोरडा केला पाहिजे. आम्हीं त्यासाठीं बाजाराचा दिवस ठरविला आहे, म्हणजे विसर पडत नाहीं.

आतां मोरीचें पाणी बागेस कसें द्यावें तें सांगतों. मोरीच्या तोंडाशीं नारळाच्या शेंड्या भरलेली एक जुनी टोपली ठेवावी; शितें व तेलकटपणा तींत अडकतो. दर आठवड्यास शेंड्या बदलून जुन्या उकिरड्यांत टाकाव्या. तेथून उतार देऊन दंड काढावा, परंतु तो भिंतीपासून निदान तीन हात दूर असावा. हें आम्हीं केलें नाहीं, आणि पहिल्याच वर्षीं भिंतीला ओल व पायथ्याशीं वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसूं लागल्या. दंडाच्या आरंभीं अळू व कर्दळ, पुढें केळ, शेवटीं शेवगा व कढीपत्ता असा क्रम बरा. शेवग्याचें लांकूड ठिसूळ असतें. तो घराजवळ नको. पाणी एके ठिकाणीं न मुरवितां रोज दुसऱ्या आळ्यांत वळवावें. काळ्या जमिनींत पाणी सावकाश मुरतें, आणि एकाच जागीं तें सोडल्यास पुन्हां डबकें होतें. आमच्या घरीं धाकटा मुलगा शाळेस निघतांना खुरप्यानें दंड मोडून दुसरीकडे लावतो. त्यास दोन मिनिटें लागतात.

धुण्याचें पाणी मात्र निराळें ठेवावें. आम्ही लोभानें सोड्याचें व साबणाच्या पुडीचें सर्व पाणी लिंबाच्या आळ्यांत सोडीत होतों. पानांचीं टोकें करपलीं, आणि आळ्यांतील माती सिमेंटासारखी घट्ट झाली. अशा पाण्यांत सोडियम फार असतें. त्यानें चिकणमातीचे कण सुटे होऊन जमिनींतील छिद्रें बुजतात, मग वरून ओतलेलें पाणी मुळांपर्यंत पोहोंचतच नाहीं. आतां धुण्याचें शेवटचें खळबळलेलें पाणी तेवढें आम्ही केळीला देतों. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांस मोरीचें पाणी बिलकूल लावूं नये. अळूही चांगला शिजवूनच खावा.

ऋतूचीं कामें घरच्या कामांशीं जुळवून घेतां येतात. मृगापूर्वीं माळवदावर पांढरी माती अंथरावयाची किंवा स्लॅबच्या पन्हळींतील पाला काढावयाचा असतो. त्याच दिवशीं कुंपणाशीं आळीं करून ठेवावीं. पाऊस पडला कीं दोडका, दुधी, काकडी टोकावी. कोंवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे येतात. सकाळीं दंव असतांना चुलीची राख चाळणीनें पानांवर धुरळावी. आषाढांत झेंडूचीं रोपें लावलीं, तर दसऱ्याच्या तोरणाला फुलें विकत आणावीं लागत नाहींत. दिवाळीनंतर मेथी आणि कोथिंबीर. धणे रगडून दोन फांकी करून पेरावे. मेथी महिन्याच्या आंत भाजीस येते, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर ती घरच्या वाफ्यांतील असली, तर मुलें मागून घेतात, असा आमचा अनुभव आहे.

गुलाबाच्या वीस कलमांपैकीं तीन उरलीं आहेत. त्यांना व लिंबाला आडाचें पाणी लागतें; त्याच्या रोजच्या दोन घागरी आतां आम्ही स्वतः आणतों. पहिले आठ दिवस खांदा दुखला. मोगऱ्याचें पाणी मार्गशीर्षांत तोडावें, पौषांत छाटणी करून शेणखत घालावें, व नंतर पुन्हां पाणी सुरू करावें; म्हणजे चैत्रापासून कळ्या येऊं लागतात. त्या संध्याकाळीं उमलण्यापूर्वीं काढून ओल्या फडक्यांत ठेवाव्या.