विसार देण्यापूर्वी

मु. कर्जत, जि. रायगड

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. डोंबिवलीचे भाड्याचे बिऱ्हाड हलवून कर्जतला स्वतःचे घर करावे असा तुम्हा उभयतांचा मनसुबा आहे, आणि त्यासाठी तीस लाखांची सदनिका पाहून ठेवली आहे, हे वाचून संतोष झाला; मात्र मुदत ठेव मोडून येत्या आठवड्यातच विसार देण्याची जी उतावीळ पत्रात दिसली, तिच्यासाठी हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपलीकडे मिळत नाही, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सहसा धरली जात नाही. म्हणजे तीन लाख पदरचे. वर मुद्रांक, 30,000 रुपये नोंदणी फी, वकिलाचे मेहनताने, वीजमीटर, आणि इमारत अपुरी असेल तर जीएसटीही. (घर सूनबाईंच्या एकटीच्या नावे घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, विचार करावा.) 27 लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलेस, तर हप्ता सुमारे 23,430 रुपये बसेल आणि अखेरीस बँकेच्या पदरी 56 लाखांवर रक्कम पडेल. बँक तुझे पगारपत्रक पाहते. ताईच्या औषधपाण्याचा खर्च बँकेच्या हिशेबात नसतो. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडे आणि हप्ता दोन्ही चालू राहण्याचा संभव आहे, म्हणून वर्षभर भाडे भरून वर तेवढाच हप्ता आवर्ती ठेवीत टाकून पाहा. निभावलेस तर पावणेतीन लाखांवर शिल्लक पडून मुद्रांकाची सोय होईल. न निभावल्यास घराचा आकार बदलावा लागेल, एवढे तरी वेळेवर कळेल.

आता कागदपत्रांचे. आमच्या तालुक्यात जमिनीचा इतिहास भिंतींच्या रंगाखाली सहज झाकला जातो, तेव्हा इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा सातबारा काढ, आणि मालकाचे नाव वाचून थांबू नकोस; ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा किंवा हस्तांतरणावरील निर्बंध बारीक अक्षरात बसलेला असतो. पूर्वी ती जमीन एखाद्या ठाकूर वा कातकरी खातेदाराची असेल, तर सरकारी मंजुरीवाचून झालेले तिचे हस्तांतरण जमीन महसूल अधिनियमापुढे टिकत नाही. म्हणून जुने फेरफारही पाहावेत आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. बिनशेतीचा आदेश व मंजूर नकाशा समोर ठेवून माथेरानच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची 2003 ची अधिसूचना त्या गावाला लागू आहे का, तेही विचारून घे. दलाल स्वस्त ‘फार्महाऊस प्लॉट’ही दाखवील, पण आपल्या घराण्यात शेती उरलेली नाही, आणि बिगरशेतकऱ्याला परवानगीविना शेतजमीन घेण्यास 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 आडवे येते.

जाहिरातीतील ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ ही मोकळ्या रस्त्यावर मोटारीने मोजलेली असतात. तू मात्र पहाटेची लोकल गाठणार, तीही दोन तासांच्या प्रवासासाठी. तेव्हा ते अंतर आषाढातल्या पावसात पायी चालून पाहा. उल्हासचे पाणी जुलै 2005 मध्ये कोठवर चढले होते हे विक्री-कार्यालयात नव्हे, जुन्या दुकानदारांना विचार, आणि नगरपरिषदेत निळी व लाल पूररेषा नकाशावर पाहून घे. डोंगराच्या पायथ्याची रम्य जागा मला तरी नको वाटते. खालापुरातल्या इर्शाळवाडीवर जुलै 2023 मध्ये दरड कोसळली, ती गोष्ट अजून ताजी आहे. पावसाळ्यात इतके पाणी, तरी मे महिन्यात याच तालुक्यांतील वाड्यांना टँकर लागतो. इमारतीला नळजोडणी आहे की केवळ कूपनलिका, याची चौकशी आधी करावी.

विसाराविषयी कायदा स्पष्ट आहे: साठेखत नोंदल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाने घ्यायची नाही. तो ‘आज दिलेत तर भाव राहील’ म्हणाला, तरी रोख एक पैसा देऊ नकोस. जे द्यायचे ते धनादेशाने आणि पावती घेऊन.

प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि सातबाराचा गट क्रमांक मला उद्याच मोबाईलवर पाठव. येथील वकील माझ्या परिचयाचे आहेत. ते कागद पाहून देतील, परंतु त्यांना निदान पंधरवडा लागेल, तेव्हा विकासकाला तसे कळव. रविवारी दोघेही या, छत्र्या घेऊन, जेवायला इकडेच.

तुझा,
मामा