चिमुकल्या माशीचा पाण्याचा जमाखर्च

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिमुकली माशी सर्वांच्या परिचयाची आहे. शास्त्रज्ञ तिला ‘ड्रॉसोफिला’ म्हणतात. आंबा व पेरू यांची नासाडी करणारी फळमाशी निराळी. ड्रॉसोफिला मुख्यतः आंबू लागलेल्या फळांवरील यीस्टवर जगते. थॉमस हंट मॉर्गन यांनी हिच्यावरच प्रयोग करून आनुवंशिकतेतील गुणसूत्रांचे कार्य सिद्ध केले व त्याबद्दल त्यांना १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोरड्या हवेत ही माशी तग कशी धरते, हा प्रश्नही तितकाच उद्बोधक आहे.

लहान देह, मोठी अडचण

या माशीची लांबी जेमतेम ३ मिलिमीटर आणि वजन सुमारे १ मिलिग्रॅम. त्यातील बहुतांश भाग पाण्याचा. घागरीतील पाण्यापेक्षा परातीत पसरलेले पाणी लवकर आटते. देह जितका लहान, तितका आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक. म्हणून माशीचे पाणी झपाट्याने उडून जाते. ही गळती मुख्यतः बाह्यत्वचेतून व श्वासरंध्रांतून होते.

बचावाचे तीन मार्ग

पाण्याचा साठा अधिक ठेवणे, व्यय कमी करणे आणि घट अधिक सोसणे, असे तीन मार्ग कीटकांना उपलब्ध असतात. त्वचेवरील मेणचट थर व्यय रोखतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेत कोरड्या हवेत तगलेल्या माश्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या करण्यात आली. त्यांच्या वंशजांत पाण्याचा साठा वाढला व व्यय घटला. परंतु घट सोसण्याची मर्यादा फारशी बदलली नाही.

साठ्याचा विनियोग

पाणी आहे पण अन्न नाही, अशा वेळी माशी प्रामुख्याने चरबी खर्च करते. पाणीही नसल्यास मात्र ती ग्लायकोजेन या कर्बोदकाकडे वळते. १ ग्रॅम चरबीच्या ज्वलनातून सुमारे १.०७ ग्रॅम, तर तितक्याच ग्लायकोजेनमधून केवळ ०.५६ ग्रॅम पाणी निर्माण होते. मग ग्लायकोजेनच का? चरबीतून ऊर्जाही दुपटीहून अधिक मिळते; त्यामुळे समान ऊर्जेमागे मिळणारे पाणी ग्लायकोजेनमध्येच किंचित अधिक भरते. शिवाय ग्लायकोजेनशी त्याच्या वजनाच्या कित्येक पट पाणी बांधलेले असते व ते खर्च होताना मोकळे होते. अर्थात, हे भांडवल मर्यादित असते.

अभ्यासाचे महत्त्व

भारतातही या विषयावर काम झाले आहे. रोहतक येथील महर्षी दयानंद विद्यापीठातील संशोधकांना गडद रंगाच्या माश्या कोरडेपणास अधिक तोंड देतात असे आढळले. हवामान बदलत असताना कोणता कीटक कोठे टिकेल, याचा अंदाज बांधण्यास असे ज्ञान उपयुक्त ठरते. टंचाई सोसण्याची शक्ती सहजासहजी वाढत नाही. साठा आणि काटकसर मात्र वाढविता येते, हे या प्रयोगांचे सार होय.